माघार घेणारी तार

चार मिलिमीटर जाडीची स्प्रिंग स्टीलची तार साध्या पक्कडीने वाकवायला घेतली, तर तळहातावर वळ उठतात, पक्कडीच्या दातांना खाचा पडतात आणि सोडून दिली की तार होती तशी सरळ उभी राहते. एरोमॉडेलिंगच्या छंदात नव्याने आलेल्या माणसाला बाल्साच्या फळ्या कापणं, पंखावर फिल्म चढवणं, इंजिनाशी झटापट करणं या गोष्टी अवघड वाटतात. त्या सरावाने जमतात. घोडं अडतं ते विमानाच्या पायांपाशी. किटमध्ये आलेले तयार पाय तुटले, किंवा नकाशावरून स्वतःच विमान बांधायचं ठरवलं, की लँडिंग गिअरची तार घरी वाकवावी लागते. मग कळतं, की हे हत्यारांच्या पेटीतल्या कुठल्याच हत्याराचं काम नाही.

ही तार मुळात पियानोची. साध्या लोखंडी तारेपेक्षा तिचा स्वभाव इतका वेगळा का, याचं उत्तर एकोणिसाव्या शतकातल्या बर्मिंगहॅममध्ये आहे. तिथल्या जेम्स हॉर्सफॉलने १८५४ साली तारेला द्यायच्या उष्णोपचाराचं पेटंट घेतलं. पोलाद नऊशे अंश सेल्सियसच्या आसपास तापवायचं, तिथून पाचशे अंशांच्या सुमाराला असलेल्या वितळलेल्या शिशाच्या हौदातून न्यायचं, आणि मग थंड अवस्थेतच लहान लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढत बारीक करायचं, ही आजची रीत त्यातूनच आली. शिशातून निघालेल्या पोलादाची घडण इतकी बारीक असते, की ते न तुटता ओढलं जातं आणि प्रत्येक ओढीबरोबर अधिक कणखर होतं. हॉर्सफॉलच्या तारेने पियानो वाजले आणि १८६६ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेल्या तारायंत्राच्या केबललाही तिचंच चिलखत चढलं.

फॅब्रिकेशनच्या दुकानातलं साधं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील, एका चौरस मिलिमीटरला चारशे न्यूटनच्या आसपास ताण आला की तुटतं. चार मिलिमीटरची पियानो तार तेवढ्याच क्षेत्रावर साधारण १७५० न्यूटन सोसते. १.६ मिलिमीटरची तार दोन हजारांच्याही पुढे जाते, कारण ती अधिक वेळा ओढलेली असते. वाकवणाऱ्याला जाचणारा हट्टीपणा विमानाला मात्र हवाच असतो. अडीच किलोचं विमान धावपट्टीवर आदळतं तेव्हा पाय फाकले पाहिजेत, धक्का पोटात घेतला पाहिजे आणि पुन्हा जागेवर आले पाहिजेत. एमएसचे पाय फाकतात आणि तसेच राहतात. पुढच्या उड्डाणाआधी ते हाताने सरळ करत बसावं लागतं.

केवळ खेळण्यातल्या विमानांपुरती ही युक्ती नाही. विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशचे हवाई शर्यतपटू स्टीव्ह विटमन यांनी खऱ्या विमानाला स्प्रिंग स्टीलच्या पट्टीचे पाय बसवले. सेस्ना कंपनीने ती कल्पना विकत घेतली आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सेस्ना १४० आणि १९५ या विमानांना तसेच पाय लावले. पुढे विटमन यांनी पट्टीऐवजी निमुळती गोल पोलादी कांब वापरली. त्यांच्या टेलविंड विमानात ती आहे, आणि घरी बांधल्या जाणाऱ्या आरव्ही-४ आणि आरव्ही-६ विमानांचे पायही त्याच जातीचे. त्यात ना तेलाचा शॉकअॅब्सॉर्बर, ना रबर. फक्त वाकणारी आणि परत येणारी कांब.

तार विकत घेताना भारतात एक गोंधळ हमखास होतो. परदेशी नकाशांवर जाडी इंचाच्या अपूर्णांकात लिहिलेली असते आणि आपल्या बाजारात तार ‘नंबर’वर मिळते. हा नंबर म्हणजे ब्रिटिश एसडब्ल्यूजी गेज. १६ नंबर म्हणजे १.६३ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५ आणि ८ नंबर म्हणजे ४.०६. म्हणजे नकाशावर एक सोळांश इंच असेल तर १६ नंबर, एक अष्टमांश असेल तर १० नंबर, आणि पाच बत्तीसांश असेल तर ८ नंबर. साडेसहा सीसी इंजिनाच्या नेहमीच्या शिकाऊ विमानाला बहुधा ही ८ नंबरची तार लागते. दुकानदाराकडे नुसती ‘८ नंबरची तार’ मागितली तर तो कुंपणाची जस्ताचा मुलामा दिलेली तार काढून देईल. स्प्रिंगसाठीची, आयएस ४४५४ मानकाची तार असं स्पष्ट सांगावं. ओळखायची खूण सोपी आहे: हातभर तुकडा थोडा वाकवून सोडावा, पूर्ण सरळ झाला तर तो घ्यावा. अडचण एवढीच, की स्प्रिंगवाल्यांकडची तार गुंडाळीत असते आणि ती गोलाई तिच्या अंगात मुरलेली असते. ती सरळ करणं हे वाकवण्याहून किचकट काम. मिळाल्यास सरळ कापलेले तुकडेच घ्यावेत, थोडे महाग पडले तरी.

हत्यार कुठलं घ्यायचं हे जाडी ठरवते, आणि जाडीचा हिशेब माणसाच्या अंदाजाला चकवतो. तार कायमची वाकवायला लागणारा जोर साधारण व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १.६ मिलिमीटरच्या तारेला साधारण १.४ न्यूटन-मीटर पुरतो. चार मिलिमीटरच्या तारेला जवळजवळ १९ न्यूटन-मीटर लागतो. जाडी अडीचपट, जोर तेरापट. तारेचं दहा सेंटिमीटर टोक हातात धरून ओढायचं म्हटलं तर एकोणीस किलोंच्या आसपास ओढ द्यावी लागेल आणि तीही शेवटपर्यंत सारख्या नेमाने. त्याच कामाला तीस सेंटिमीटरचा दांडा लावला तर सव्वासहा किलो पुरतात. वजन मात्र व्यासाच्या वर्गाने वाढतं. १० नंबरचा मीटरभर तुकडा पासष्ट ग्रॅम भरतो, ८ नंबरचा शंभर. त्यामुळे ‘सुरक्षित असावं’ म्हणून एक नंबर जाड तार घेणाऱ्याला विमानाचं वजन तर वाढवावं लागतंच, वर हत्यारही बदलावं लागतं.

रबरावर उडणाऱ्या छोट्या विमानांच्या एक मिलिमीटरपर्यंतच्या तारेला गोल तोंडाची पक्कड पुरते. दोन मिलिमीटरपर्यंत चांगली जड पक्कड आणि मजबूत मनगट यांवर निभावतं, सायकलचा स्पोक याच जाडीचा असतो. तीन मिलिमीटरच्या आसपास व्हाइस लागतो. तार व्हाइसमध्ये पकडायची, बाहेरच्या टोकावर घट्ट बसणारी पोलादी नळी सरकवून जवळजवळ वाकाच्या जागेपर्यंत आणायची, नळी खेचायची आणि वाकापाशी हातोडीने हलके ठोके द्यायचे. कित्येक जुने मॉडेलर आयुष्यभर याच पद्धतीने काम करतात आणि त्यांचे पाय सुबक असतात. तरी नव्या माणसाला ही पद्धत सुचवणं धोक्याचं, आणि त्याचं कारण व्हाइसच्या जबड्याची कड.

ती कड तीक्ष्ण असते. तारेच्या वाकाला आतून कसलाच आधार नसतो, म्हणून ती त्या कडेवर मुडपते. वाकवताना तारेची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. चार मिलिमीटरची तार आठ मिलिमीटर व्यासाच्या पिनेभोवती वाकवली तर बाहेरची बाजू मूळ लांबीच्या तेहतीस टक्के ताणली जाते. सोळा मिलिमीटरच्या पिनेभोवती हाच आकडा वीसवर येतो. अर्धा मिलिमीटर गोलाईच्या जबड्यावर तो ऐंशीच्या घरात जातो. एवढं ताणणं चांगल्या तारेलाही झेपत नाही. केसाएवढी भेग पडते, तेव्हा ती दिसतही नाही, आणि विसाव्या की पन्नासाव्या उतरणीला पाय तिथेच तुटतो. पक्कडीच्या किंवा जबड्याच्या दातांनी पडलेले ओरखडेही अशाच तुटीची सुरुवात करतात. पिनेचा व्यास तारेच्या जाडीच्या निदान दुप्पट असावा, म्हणजे आतली गोलाई जाडीएवढी होते. व्हाइसमध्येच काम करायचं असेल तर जबड्यांवर तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची पट्टी घालून कड कानशीने गोल केलेल्या तुकड्याचा आधार द्यावा.

दुसरी बाब माघारीची. वाकवून सोडलेली तार थोडी परत येते, हे सगळ्यांना माहीत असतं. किती परत येते हे मात्र गोलाईवर ठरतं, आणि तेही उलट्या बाजूने. घट्ट वाक कमी परततो, सैल वाक जास्त. चार मिलिमीटरची तार आठच्या पिनेभोवती नव्वद अंश वाकवली तर सुमारे चार अंश मागे येते. तीच तार साठ मिलिमीटरच्या पाइपभोवती नव्वद अंश फिरवली तर वीस अंशांच्या आसपास मागे येते. घट्ट वाकात तारेचा बहुतेक भाग कायमचा आकार बदलतो. सैल वाकात मधला बराचसा भाग अजून स्प्रिंगसारखाच वागत असतो आणि संधी मिळताच बाकीच्यांना मागे खेचतो. त्यामुळे एकाच पायात दोन वेगवेगळ्या गोलाया असतील तर ‘प्रत्येक वाक पाच अंश जास्त द्यावा’ हा ठोकताळा फसतो. त्याच तारेचा टाकाऊ तुकडा घेऊन त्याच पिनेवर आधी एक वाक काढून पाहावा. कोष्टकं नंतर.

आता हत्यार. बाजारात ते मिळतं. शिकागोची के अँड एस ही कंपनी पियानो तारही विकते आणि ती वाकवायचं लहानसं यंत्रही. पण लेथ नसलेल्या घरातही ते बनवता येतं, कारण त्याचं तत्त्व कुठल्याही बांधकामावर पाहायला मिळतं. सळई वाकवणारा कारागीर फळीवर लोखंडी खुंट्या ठोकतो, सळई त्यांच्यात अडकवतो आणि खाचेच्या चावीने फिरवतो. एक खुंटी वाकाच्या आतून, एक शेपटाला अडवणारी आणि तिसरा जोर फिरत्या चावीचा. तारेच्या यंत्रात हेच तीन बिंदू नेमक्या अंतरावर आणि कठीण पोलादात बसवायचे असतात.

यंत्राच्या पायाला बारा मिलिमीटर जाडीची एमएसची प्लेट घ्यावी, शंभर बाय पन्नास पुरे. खाली व्हाइसमध्ये पकडायला एक पट्टी उभी वेल्ड करून घ्यावी. प्लेटमध्ये आठ मिलिमीटरची मुख्य पिन घट्ट बसवायची: आधी ७.८ चं ड्रिल, मग आठचा रीमर आणि मग हातोडीने पिन आत. दांडा म्हणून दहा मिलिमीटर जाडीची, तीस सेंटिमीटर लांब पट्टी. तिच्या टोकाजवळचं छिद्र या मुख्य पिनेवर बसून दांडा फिरतो, आणि त्या छिद्रापासून वीस मिलिमीटरवर दुसरी आठची पिन. तार दांड्यावर आडवी ठेवली की तिच्या एका अंगाला मुख्य पिन येते, दुसऱ्या अंगाला फिरती पिन. शेपूट अडवायला प्लेटवर एक चौकोनी ठोकळा दोन बोल्टनी बसवायचा, फिरत्या पिनेच्याच अंगाला, मुख्य पिनेपासून तीसेक मिलिमीटर मागे. इथे एक गोष्ट नवख्याच्या नजरेतून निसटते. तार दांड्याच्या वर असते, म्हणून ठोकळा दांड्याच्या जाडीहून उंच हवा, नाहीतर शेपूट त्याच्यावरून सरकून जातं आणि वाक तिरका येतो.

यातली खर्चाची आणि महत्त्वाची वस्तू म्हणजे पिना. चार मिलिमीटरची तार वाकताना या मापांत फिरत्या पिनेवर जवळजवळ १२० किलोंचा भार येतो, आणि तो तारेच्या चिंचोळ्या रेघेवर. एमएसची पिन मोडत नाही, पण तिच्यावर तारेची खाच उमटते. पुढची तार त्या खाचेत बसते आणि आपल्या मनाने वाकते. मशीनच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणाऱ्या कडक डॉवेल पिना रॉकवेल मापाने साठच्या आसपास कठीण असतात आणि तारेला पुरून उरतात. १२.९ दर्जाचा अॅलन बोल्ट चाळीसच्या आसपास असतो, अधूनमधून काम करणाऱ्याला चालतो, पण तारेला टेकेल तो भाग बिनआट्यांचा हवा. आटे तारेवर दात उमटवतात. दोन पिनांमधलं अंतर आणखी कमी केलं तर वाक अधिक नेमका येतो आणि पिनेवरचा भार तेवढाच वाढतो. वीस मिलिमीटर हा त्यातला मध्य.

वाक काढण्याआधी मोजमाप. कागदावर पायाचं चित्र टोकदार कोपऱ्यांनी काढलेलं असतं आणि तार कोपरा गोल करून आतून जाते. आठच्या पिनेवर चारची तार नव्वद अंशांत वळते तेव्हा मध्यरेषेवर ९.४ मिलिमीटर लांबी खर्च होते. टोकदार कोपऱ्याच्या हिशेबाने बारा झाली असती. म्हणजे दर वाकामागे अडीच मिलिमीटरहून थोडी जास्त तार उरते. तीन वाकांचा पाय केला तर शेवटी चाकाचा आस पाऊण सेंटिमीटरने सरकलेला. एका बाजूचा पाय असा आणि दुसऱ्या बाजूचा बरोबर, तर विमान जमिनीवर लंगडतं.

शिकाऊ विमानांच्या पायात याहून अवघड गोष्ट असते. तार पोटाखालच्या कठीण लाकडाच्या खाचेत आडवी झोपते, तिचं आतलं टोक काटकोनात वर ठोकळ्यात शिरतं, आणि बाहेरच्या टोकाशी ती खाली वळून पाय बनते. चाकाला मागे धक्का बसला की आडवा भाग पिळला जातो आणि धक्का त्या पिळात जिरतो. खाच जेवढी लांब तेवढा पीळ मऊ. पण यामुळे वाक एका पातळीत राहत नाहीत. पाय बाहेर कलतो, थोडा पुढेही कलतो, आणि त्याच्या टोकाला आस पुन्हा जमिनीला समांतर. डावा आणि उजवा एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब. दोन डावे पाय तयार करण्याची किमया बहुतेकांच्या हातून एकदा घडतेच. आधी बांधकामाच्या मऊ बाइंडिंग वायरचे दोन नमुने हाताने वळून विमानाला लावून पाहावेत, आणि ते समोर ठेवूनच खरी तार यंत्रात घालावी. ठोकळ्यात शिरणारा आखूड वाक आधी काढायचा, त्या टोकाला तार मुद्दाम लांब ठेवून, कारण आखूड टोकाला यंत्रात पकड मिळत नाही. जास्तीची नंतर कापायची. आसाचा वाक सगळ्यांत शेवटी. दोन्ही पाय एकदम पुढे न्यावेत: डाव्याचा पहिला वाक, उजव्याचा पहिला, मग दुसरे.

नाकाखालच्या पायात एखादं वेटोळं असतं. ते वळायला दांड्याला एक गोल कांब, तिच्यात तार अडकवायला आडवं छिद्र, एवढंच लागतं. वेटोळंही माघार घेतं आणि वळल्यावर थोडं मोठं होतं, म्हणून कांब हव्या मापाहून किंचित बारीक घ्यावी. वेटोळ्याची दिशा मात्र विचार करून ठरवावी. उतरताना भार येईल तेव्हा ते आवळलं गेलं पाहिजे, उलगडलं जाता कामा नये.

तार कापायला पक्कडीची धार वापरली तर धारच जाते. कटिंग व्हील लावावं, किंवा तिकोनी कानशीने भोवती खाच करून व्हाइसमध्ये मोडावी. दोन्ही वेळी डोळ्यांवर चष्मा हवाच. तुटणारा तुकडा कुठे उडेल याचा नेम नसतो. वाकवणं सोपं व्हावं म्हणून ज्योतीवर लाल करणं हा मोह सर्वांना होतो. लाल झालेली जागा गार होऊन एमएससारखी मऊ पडते, पाण्यात बुडवली तर काचेसारखी ठिसूळ. हॉर्सफॉलच्या शिशाच्या हौदापासून ओढाईपर्यंतची सगळी मेहनत त्या अर्ध्या मिनिटात जाते. जोडकाम करतानाही हेच लक्षात ठेवावं लागतं. पायपर कबच्या नमुन्यात पुढची आणि मागची अशा दोन तारा आसापाशी एकत्र येतात. त्या बारीक तांब्याच्या तारेने घट्ट गुंडाळून दोनशे अंशांच्या आसपास वितळणाऱ्या मऊ सोल्डरने जोडतात. एवढ्या उष्णतेने पियानो तारेचं काही बिघडत नाही. पितळेचा डाग द्यायला गेलं तर बिघडतं.

पाय बसवून झाले की आसावर चाकाच्या कॉलरचा स्क्रू टेकेल तिथे कानशीने छोटी सपाट जागा करतात, नाहीतर गोल पोलादावर स्क्रू घसरतो आणि चाक धावपट्टीवर विमानाच्या आधी पोहोचतं. शेपटाशी चाक असलेल्या विमानात दोन्ही चाकांची पुढची बाजू एखाद-दोन अंश आत वळलेली ठेवण्याचा रिवाज आहे, त्यामुळे उड्डाणासाठी धावताना विमान कमी भरकटतं. एवढ्याशा दुरुस्तीसाठी पाय काढून पुन्हा यंत्रात घालायची गरज नसते. सळईवाल्याच्या चावीसारखी, टोकाला चार मिलिमीटरची खाच असलेली एक पोलादी पट्टी खिशात असली की काम भागतं. खाचेच्या कडा मात्र गोल केलेल्या हव्यात. पायाला एका हाताने आधार देऊन आसाजवळ ती लावायची आणि माघारीचा हिशेब धरून हव्या त्या कोनाच्या थोडं पुढे न्यायची.